एका नळावरच्या दोघी

न्हाई न्हाई, खाली नका बसू, फरशी आत्ताच पुसलीय. खुर्ची घ्या. — काय नाव म्हनलात? उत्कर्षा. बरं. तर उत्कर्षा मॅडम, तुमच्या विद्यापीठाला त्या सलोख्याच्या कामाचा रिपोट करायचाय आन त्यात ह्या अंबाबाईचं चार शबुद पायजेत, एवढं मला कळलं. पन काम यशस्वी झालं का न्हाई, ते मला नका इचारू. मी खोल्या भाड्यानं देनारी बाई. जमीन रस्त्यात गेली, उरल्या तुकड्यावर ह्या आठ खोल्या बांधल्या, टेकडीवर तुमचं विद्यापीठ झालं म्हनून त्या भरत्यात. — व्हय, त्या दोघी हितंच ऱ्हायच्या. लिन्थोई चार नंबरात, किमनेई पाच नंबरात. आता एकच हाय.

पहिल्यापासनं सांगू? सांगते. तिकडं मणिपुरात पेटलं, मैतेई आन कुकी, शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठला, घरं जळाली, कालिजं बंद पडली. तवा तुमच्या लोकांनी तिकडच्या पोरांना हितं जागा दिल्या — दोन्हीकडच्या पोरांना, बरं का, हे नीट लिवा, दोन्हीकडच्या. लई मोठं काम केलं. वर होस्टेल भरलं म्हनून काही पोरी माझ्याकडं आल्या. आधी लिन्थोई आली, ती मैतेई. महिन्याभरानं किमनेई, ती कुकी, एक पिशवी घेऊन. पन मला काय ठावं कोन कुकी आन कोन मैतेई? दोघी इंफाळच्या, एवढं कळलं, बास. मी हौसेनं किमनेईचा हात धरून चार नंबरापुढं नेली, म्हनलं, “लिन्थोई, बघ, तुझ्या गावची आली!” हिनं तिच्याकडं बघितलं, तिनं हिच्याकडं. आन लिन्थोईनं दार लावलं, आतनं कडी घातली. मी हसत हुते, मॅडम. अजून ते हसनं आठवलं की अंगावर काटा येतो. मागनं कळलं — किमनेईचं घर जाळलेलं, बाप छावणीत ऱ्हातोय. आन लिन्थोईचा थोरला भाऊ एका दुपारी घराबाहेर पडला तो पडलाच, अजून हाती लागला न्हाई.

तीन महिने एका नळावर पानी भरलं दोघींनी, पन शबुद न्हाई. एक नळावर आसली की दुसरी जिन्यात बादली धरून उभी, ती गेली की मग ही यायची. वर तुमचे निरंजन सर — चांगला मानूस, त्यांना नावं ठिवायची न्हाईत मला — दर गुरुवारी गोल खुर्च्या मांडायचे, दोन्हीकडची पोरं बसवायचे. पोरं बसायची, मान खाली घालून, आन उठून यायची. सर मला म्हनायचे, “काकू, कुणी बोलतच नाही हो.” मी म्हनायची, सर, नळावर बोलंनात, ती खुर्चीवर काय बोलत्याल?

मग मासळीचं झालं. किमनेईनं तिकडची आंबवलेली मासळी शिजवली. सुकटीची सवय हाय मला, पन ह्यो वास निराळाच. खालचा कंपनीतला भाडेकरू बोंबलत वर आला, मीबी तावातावानं गेले, पाच नंबरावर थाप मारली, म्हनलं, असलं शिजवायचं आसंल तर खोली रिकामी कर! पोरगी दारात उभी, पांढरीफटक — कुटं जानार हुती ती? आन चार नंबराचं दार उघडलं. लिन्थोई म्हनली, “आंटी, वो मेरा है. मैंने दिया उसको पकाने.” खोटं! धडधडीत खोटं. कळलं की मला. पन मी तशीच खाली आले. त्या दिशी एका ताटलीत जेवल्या दोघी, आन बोलल्या! लिन्थोईची भाषा किमनेईला येत हुती, मॅडम, इंफाळात वाढलेली पोर, ल्हानपनापासनं येत हुती — पन पेटल्यापासनं तिनं ती तोंडातनं काढलीच नव्हती. त्या दिशी काढली.

आन मग ते फोटोचं. — कुनी काढला म्हंजे? काढला कुनीतरी, आता काय त्याचं. — अशा नका बघू माझ्याकडं. मीच काढला. गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या हुत्या, तितं बसून किमनेई लिन्थोईचं केस विंचरत हुती, मला लई बरं वाटलं, काढला. निरंजन सर पोरींची चौकशी करायला आले तवा माझ्याच हातानं दाखवला. सरांचं डोळं भरलं. “काकू, हेच. इतके दिवस आम्ही हेच शोधतोय.” म्हनले, मला पाठवा. पाठवला. पोरींना इचारलं का? न्हाई इचारलं.

पंधरा दिवसांत तो फोटो तुमच्या फाटकावर, मानसाएवढा. कार्यक्रम ठरला, दोघी बोलनार. लिन्थोई व्हय म्हनली. किमनेई नको नको करीत माझ्याकडं आली, “आंटी, आप सर को बोलो ना.” सरांनी तिच्यावर जबरदस्ती केली न्हाई, हेबी लिवा. जबरदस्ती मी केली. म्हनलं, ह्यांनी तुला शिकायला आनलं, जागा दिली, दोन शबुद बोलायला तुझं काय जातंय? — खरं सांगू? मला पुढच्या रांगेत बसायचं हुतं. सरांनी बोलावलं हुतं, साडी काढून ठिवली हुती मी.

कार्यक्रमाच्या सकाळीच किमनेईच्या बापाचा फोन आला हुता. फोटो मोबाइलवरनं पार तितवर पोचला. छावणीतली मानसं बापाला इचारत हुती, तुझी पोर त्यांच्यातलीचं केस विंचरती व्हय? लिन्थोईच्या आईलाबी असंच कुनीतरी बोललं. मला ह्यातलं काय ठावं नव्हतं. किमनेई माईकपुढं उभी ऱ्हायली. बोलंना. लोकं खोकायला लागली. मग तिनं माईकपासनं तोंड बाजूला घेतलं, लिन्थोईकडं वळून तिच्या भाषेत एक वाक्य बोलली आन खाली उतरली. टाळ्या पडल्या, मॅडम! लोकांना वाटलं कायतरी गोड बोलली. मीबी वाजवल्या. मागनं लिन्थोईला इचारलं, काय गं म्हनली? तर म्हनली हुती, “तुला समदं सांगीन, तुझं ऐकीन — पन ह्यांच्या म्होरं न्हाई.”

घरी आल्या, दार लावून बसल्या. आधी एकीचं रडनं ऐकू आलं, मग दुसरीचं. दुसऱ्या दिशी किमनेई पौडला गेली आन एसटीत बसली. एक वर्ष उरलं हुतं तिचं. बापाला छावणीत त्याच मानसांत ऱ्हायचंय ना अजून, म्हनून शिक्षान सोडलं पोरीनं. निरंजन सर आले हुते, तुमी बसलाय तितंच बसले, म्हनले, “चुकलं माझं, काकू.” मी काय म्हनलं ठावं हाय? म्हनलं, व्हय सर, चुकलंच तुमचं. माझं नाव मी घेतलं न्हाई.

विद्यापीठ वाईट न्हाई हो. त्यांनी आनल्या नसत्या तर एका नळावर आल्या असत्या का ह्या पोरी? जन्मात न्हाई. पन विरजन लावल्यावर भांडं हलवून हलवून बघायचं नसतं, एवढं तुमच्या शिकल्यासवरल्यांना — जाऊ द्या, मला तरी कुटं कळलं. आन हे काय, ‘दोघींचा संपर्क तुटला’ लिवताय व्हय? तेबी खोटंच. कुटं तुटलाय? रविवारी दुपारी बंगळूरवरनं फोन येतोय की किमनेईचा, तितं कामाला लागलीय ती. लिन्थोईच्या फोनवर न्हाई, सुट्टीत गेली की तिचा फोन घरची तपासत्यात, म्हनून माझ्या फोनवर. तासभर माझ्या सैपाकघरात बसून —

काय लिवलंत? मॅडम, आत्ता काय लिवलंत? — खोडा ते. बंगळूर खोडा आधी. — मी बोलले, पन रिपोटासाठी न्हाई बोलले. — नाव घालनार न्हाई म्हनता, अवो सरांनीबी फोटोखाली नाव कुटं घातलं हुतं? — चांगलं हाय म्हनून तर लिवायचं न्हाई! फाडा तो कागद. न्हाई, खिशात नका घालू, द्या हिकडं. द्या म्हनते ना. — माझं नाव कुटंच घालू नका, सही करनार न्हाई मी. जावा तुमी आता. मागच्या दारानं जावा, म्होरल्या जिन्यानं लिन्थोई येतीया.