सूट नको

हसताय काय, मी खरंच खेळले! मुलीच्या कोथरूडच्या शाळेत पालकांची फ्रिस्बीची टीम निघाली. नाव द्यायला गेले, तर खेळाचे सर म्हणाले, "मॅडम, लेडीजसाठी लिंबू-चमचा ठेवलाय." म्हटलं, "तो तुम्ही खेळा." आणि नाव लिहूनच परतले.

सामन्यात शेवटच्या गुणाला फ्रिस्बीची तबकडी मी टोकाच्या पट्ट्यात पकडली, म्हणजे गुण आमचा; पण पाय रेषेबाहेर पडला. या खेळात पंच नसतो, ज्याचं त्यानं खरं सांगायचं. मी तोंड उघडायच्या आत समोरच्या टीममधले एक आयटीवाले बाबा हसून म्हणाले, "असू दे, बायकांना एवढी सूट द्यायची. गुण देऊन टाका."

मी तबकडी त्यांच्याच हातात ठेवली. "पाय बाहेर होता. सूट नकोय. तबकडी तुमची. आता मी अडवते, माझ्यासमोरून टाकून दाखवा."