ज्या डोळ्याला लोखंड कळायचं

...आणि वर मलाच विचारतात, "काका, आता कसं, स्वच्छ दिसतं ना?" दिसतं हो! सगळं स्वच्छ दिसतं! तेच तर वाटोळं झालंय माझं!

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं मी भट्टीपुढे उभा. गाड्यांचे ब्रेक ड्रम ओततो आम्ही. वाळूचे साचे ओळीनं मांडलेले, भट्टीत लोखंडाचा रस, आणि सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत... का? तर मी "सोडा" म्हटल्याशिवाय रस बाहेर काढायचा नाही! साहेब असो नाहीतर साहेबाचा साहेब! किती तापलाय ते रंगावरून ओळखायचं. लाल? थांबा. केशरी? अहो, थांबा म्हणतो ना! पिकल्या लिंबासारखा पिवळा झाला, की "सोडा!" पोरीच्या लग्नातल्या साडीचा रंग विचाराल, तर नाही सांगता येणार. पण हा पिवळा? झोपेत सांगेन!

तर ही आमची पोरगी! "बाबा, मोतीबिंदू आहे, एक डोळा तरी करून घ्या, जिन्यावरून पडाल एखाद्या दिवशी." घेतला करून. पट्टी काढून घरी आलो, तर भिंती पांढऱ्या! इतकी वर्षं मी त्या पिवळट समजत होतो, आणि रंग देणाऱ्याला शिव्या घालत होतो! स्वच्छ दिसतं हो, सगळं स्वच्छ दिसतं!

सुट्टी संपवून कामावर गेलो, भट्टीत डोकावलो... पिवळा! म्हटलं, वा, आज लवकर झाला. "सोडा!" सोडला. गार झाल्यावर साचे फोडले, तर बेचाळीस ड्रम, काठ उंदरानं कुरतडल्यासारखे! रस पुरता तापलाच नव्हता, टोकापर्यंत पोचायच्या आत वाटेतच गोठला. साहेब ओरडला असता तर बरं वाटलं असतं हो... हळूच म्हणाला, "काका, तुम्ही म्हणालात म्हणून सोडलं."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मला पाठ होता तो पिवळा लोखंडाचा नव्हताच, माझ्या मोतीबिंदूचा होता! पुरता तापलेला रस त्या भिंतींसारखा पांढरटच, जुन्या डोळ्याला तो पिवळा दिसायचा!

मग काय, नव्या डोळ्यावर हात ठेवला आणि जुन्यानं बघायला लागलो. तीन दिवस एकही ड्रम बिघडला नाही! जोडीदार म्हणतो, "काय काका, या वयात भट्टीला डोळा मारताय?" सगळे हसले. साहेब नाही हसला. "एका डोळ्यानं नको, काका. कुणाच्या अंगावर रस उडाला तर?"

चूक काय त्याची? आता एक दांडी रसात बुडवतात, पाटीवर आकडा येतो, आणि सोडतात. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. मला बसवलंय कोपऱ्यात, तयार ड्रमवरची वाळू झाडायला. रडू येतं हो, खोटं कशाला बोलू? बिघडलेल्या ड्रमचं बरं असतं, परत भट्टीत टाकतात. मला कुठे टाकणार?

डॉक्टर सारखा मागे लागलेला, "दुसरा डोळा कधी?" मी आपला टाळत होतो, "राहू द्या, तो कामाचा आहे." शेवटी गेल्या महिन्यात आपल्या पायानं गेलो. म्हटलं, "करून टाका, त्याच्याजोगतं काम नाही राहिलं."

पट्टी काढताना डॉक्टर केवढा खूश! "काका, आता दोन्ही डोळ्यांनी एकसारखं दिसेल!"

दिसतं हो. सगळं स्वच्छ दिसतं. वाळूचा कण न् कण.