कोकिळाबाईंना न विचारलेली जागा

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय रतिलालभाऊ, मुख्याध्यापिका हेमांगीताई, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या प्रयोगशाळा परिचर कोकिळाबाई, त्यांचे यजमान सुपडूआबा, सहकारी शिक्षक आणि विद्यार्थी मित्रहो,

मला चार गोड शब्द बोलायला उभं केलंय. पण खरं सांगू? मला या बाईंचा हेवा वाटतो. आजचा नाही, अठरा वर्षांचा. जीवशास्त्र शिकवणार मी, आणि मुलं किडा सापडला की काडेपेटीत घालून नेणार कुणाकडे? कोकिळाबाईंकडे!

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चात बाई पांझरा नदीच्या पाण्याची बाटली घेऊन माझ्या चालू तासाला आल्या. म्हणाल्या, "सर, देवपूरकडना डोहमा मासा मरी राहिनात. पानीले संडासना वास शे."

मी बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. "ऊन वाढलंय, बाई."

"ऊन ते वरना डोहमा बी शे. तठला मासा जित्ता शेत."

अख्खा वर्ग हसला. इतकी साधी गोष्ट मला का सुचू नये?

बाई तीन दिवस काठाने फिरल्या. दोन डोहांच्या मधे एका वसाहतीचा मैलापाण्याचा पंप बंद पडला होता आणि सगळी घाण बाभळींआडच्या जुन्या पाइपातून नदीत येत होती. सांगायला गेल्या, तर वॉचमनने फाटकातूनच परत पाठवलं. मग आबांना घेऊन त्यांनी ओल्या गोणपाटात अकरा कासवं वरच्या डोहात नेऊन सोडली. पेपरात फोटो आला. तो पेपर मी घडी घालून डब्याखाली ठेवला, कुणाला दिसू नये म्हणून.

पुढे त्या वसाहतीच्या समितीने बैठकीचं पत्र पाठवलं. हेमांगीताईंनी ते बाईंना द्यायला माझ्याकडे दिलं. ताई, ते मी दिलं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून मीच गेलो. पाण्यातल्या प्राणवायूवर पाऊण तास बोललो. शेवटी कुणीतरी विचारलं, "सर, पाइप निघतो नेमका कुठे?"

मी काठावर कधी गेलोच नव्हतो. पण 'ठाऊक नाही' म्हणायला जीभ रेटेना. ठोकून दिलं, पुलाजवळ.

त्यांनी पुलाजवळ नऊ दिवस खणलं. इकडे बाई बोलावण्याची वाट पाहत होत्या. त्या नऊ दिवसांत खालच्या डोहातली मरळसुद्धा उलटी तरंगली. हवा गिळून जगणारा चिवट मासा तो! काठावरची ढोकरी बगळी उठून गेली, खंड्या गेला. दहाव्या दिवशी पुलाजवळच्या खणण्याचं बाईंना कळलं. त्या गेल्या, बोट दाखवलं, आणि संध्याकाळपर्यंत पाइप बंद झाला.

दुसऱ्या दिवशी बाटल्या विसळता विसळता एवढंच म्हणाल्या, "तुम्ही गयात ते बेस व्हयनं, सर. पन जागा माले इचारी लेता ना."

भांडल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

आता डोहात बारके मासे दिसतात. खंड्या अजून आलेला नाही. माझा हेवाही गेलेला नाही. निरोपाला एवढी गर्दी माझ्या वाट्याला येईल का, हे मघाशीच मनात येऊन गेलं.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. त्या नऊ दिवसांची माफी मात्र मी फक्त बाईंकडे मागतो. आणि बाई, ती लगेच देऊ नका.