वाघ्याचे एकेचाळीस लेकरं

...अन् मी मॅडमले पह्यल्याच दिवशी म्हनलं होतं, मॅडम, मानसाले काईबी विचारा, उमर विचारा, दारू केव्हा सोडली थे विचारा, बायको कितीदा रुसून माहेरी गेली थे विचारा, पन त्याच्या कुत्र्याचा बाप विचारू नोका! ऐकलं का? नाई. तुमाले सांगतो, शिकल्या मानसाले वाटते का आपन विचारलं का लोक सांगते... अन् सांगते बी! तेच तं दुखनं हाये.

आता तुमी म्हनान, कोन मॅडम अन् कोनाचे कुत्रे? तं मी मुखरू, ढोरायच्या दवाखान्यात परिचर. परिचर म्हंजे काय, तं डॉक्टर सुटीवर गेला का मी डॉक्टर, अन् डॉक्टर आला का मी बादली. साल छ्याऐंशी. गडचिरोली जिल्हा होऊन चार वर्सं झाले होते, पाट्या लागल्या होत्या, रस्ता येऊन राह्यला होता... अजून येऊनच राह्यला हाये. त्या न आलेल्या रस्त्यानं ह्या आगाशे मॅडम आल्या, नागपूरच्या कॉलेजातून, मूळच्या पुन्याच्या, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर झोला, अन् झोल्यात हा एवढा मोठा गुंडाळलेला कागद. काऊन? तं आमच्या पाच टोल्यायचे, म्हंजे वस्त्यायचे, कुत्रे मोजाले!

हासू नोका. आमचे कुत्रे साधे नाई. ठेंगने, तांबडे, उभ्या कानाचे, दिसाले काईच नाई, पन धानाच्या बांधीत रानडुक्कर शिरलं का एकटा कुत्रा त्याले नाल्यापार सोडून येते. पाच टोले मिळून त्रेचाळीस, बस. मॅडम म्हने का एवढेच असले तं थे एकमेकायचे किती जवळचे सोयरे हायेत थे काढा लागते, कारन जवळच्या जवळच्यात पिल्लं होत गेले का कमजोर निघते, मरते, अन् एक दिवस जातच खतम.

हे ऐकलं अन् मी हातातली बादलीच खाली ठेवली. कारन माही चिमनी. पाच वर्साची कुत्री, अशी मायाळू का काय सांगू, मी दवाखान्यातून निंगालो का तिले घरी बसल्या कळे. पन दोनदा व्याली, अन् दोनदा पिल्लं आठ दिवसाच्या वर जगले नाई. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं मी त्यायले, ढोरायच्या दवाखान्याचा मानूस, अन् माह्याच हातात मेले. लाज वाटे मले. अन् आमच्यात रीत अशी, का पोरगी पह्यलं लेकरू घेऊन सासरी निंगाली का माहेरचं मादी पिल्लू टोपलीत घालून तिच्यासंगं द्याचं, नातू अन् पिल्लू संगमंग वाढते. माही कमळा दोन वर्साखाली लेकरू घेऊन निंगाली, पिल्लं होते मेले, तं मी शहानपना काय केला? टोपली आगाऊ पाठवली! म्हनलं पिल्लू मागून येते. दोन वर्सं झाले, थे टोपली तिच्या सासूनं दारातल्या खुटीले टांगून ठेवली. बोलत काई नाई बाई. फक्त टांगून ठेवली. येनारा-जानारा पाह्यते अन् विचारते का ही रिकामी टोपली कायची... आता सांगा, यापरीस तिनं चार शिव्या देल्या असत्या तं बरं नसतं का?

तं मी मॅडमच्या मांगं लागलो. म्हनलं, चिमनीले नवरदेव काढून द्या कागदावरून, दूरच्या नात्यातला. मॅडम म्हने, "नक्की काढू, मुखरूभाऊ, पण आधी सगळ्यांची वंशावळ हवी." अन् निंगालो आमी दारोदार. मॅडम अंगनात उभ्या राह्यत, चष्मा वर करत, अन् त्या पुन्याच्या गोड आवाजात विचारत, "ह्याचे वडील कोण?"

वडील! कुत्र्याचे वडील! पह्यल्या घरी लटारूनं घाबरून सोताच्याच बापाचं नाव सांगतलं! मी म्हनलं, अरे बापा, तुहे नाई, याचे. तवा थो छाती फुगवून म्हने, याचा? याचा बाप वाघ्या!

वाघ्या म्हंजे देवाजीचा कुत्रा. अठ्ठ्याहत्तर साली गोठ्यात बिबट शिरला, तं या एवढ्याशा कुत्र्यानं त्याले घंटाभर दारात थांबवून धरला, अर्धा कान गेला पन वासरू वाचवलं. पाच टोल्यात त्याचं नाव. आदल्या वर्सी मेला तं लोक मातीले आले होते, मानसाच्या मातीले येत नाई तेवढे. मंग? दुसऱ्या घरी, "ह्याचे वडील कोण?" वाघ्या. तिसऱ्या घरी? वाघ्या. रामाजीचा कुत्रा काळा कुळकुळीत, त्याचे वडील? वाघ्या, म्हने मायवर गेला. मॅडम आपल्या लिवून राह्यल्या, कुत्रा असन तं चौकोन, कुत्री असन तं गोल, अन् सगळ्यायच्या रेघा जाऊन राह्यल्या एकाच चौकोनात. चौथ्या दिवशी सांजपर्यंत त्रेचाळीसपैकी एकेचाळीस वाघ्याचे! उरले दोन. एक वाघ्याहून म्हातारा होता, अन् एकाचा मालक बजारात गेला होता.

म्हनूनच म्हन्तो, मानसाले त्याच्या कुत्र्याचा बाप विचारू नये.

अन् माह्या दारात आल्या तं मी काय सांगतलं? आता लपवून काय करू... मी बी वाघ्याच सांगतलं. पाच वर्सं सगळ्यायले तेच सांगत आलो होतो, आता भर अंगनात कसा पलटू?

मंग मॅडमनं हिशेब मांडला. दशांश-फिशांश करत होत्या, मी म्हनलं आन्यात सांगा. तं रक्त सोळा आने धरलं का सख्खे भाऊ-बहीन आठ आने, सावत्र चार आने, मामे-आते दोन आने. मी म्हनलं, आमच्यात मामाची पोरगी चालते, मॅडम. त्या म्हने, "एकदा चालेल हो, दर पिढीला नको." अन् आमच्या कुत्र्यायची सरासरी किती निंगाली? पाच आने! सारं गाव सावत्र भाऊ-बहीन! मॅडमनं पेन्सिल खाली ठेवली. म्हने, मुखरूभाऊ, चिमणीसाठी इथे कुणीच नाही, ही जात कागदावर संपलेली आहे, बाहेरचा कुत्रा आणावा लागेल. बाहेरचा? म्हंजे माहा नातू ज्या कुत्र्यासंगं वाढन थो तांबडा बी नसन अन् डुक्कर पाहून खाटेखाली शिरन? अन् चिमनी पंधरा दिवसात माजावर येनार होती. चांगला रडाले आलो मी.

आता माहा गुन्हा ऐका. वाघ्याले लेकरं होनं शक्यच नव्हतं! एकोन्याऐंशी साली, बिबट्याच्या दुसऱ्याच वर्सी, थो बाहेरख्याली झाला, आठ-आठ दिवस घरी येयेना, देवाजीचं धान डुकरायनं खाल्लं. तं एका दुपारी देवाजी त्याले दवाखान्यात घेऊन आला, अन् डॉक्टरनं त्याले कापला, म्हंजे खच्ची केला, पाय मीच धरले होते. अन् हे एकेचाळीस झाडून सारे त्याच्यानंतर जन्मलेले! देवाजीनं मले शपथ घातली, मुखरू, कोनाले सांगू नोको, वाघ्याची इज्जत जाईन. वाघ्याची का देवाजीची, थे मी विचारलं नाई. मंग लोक कुत्र्या घेऊन देवाजीच्या वाडीत येत, दोन दिवस सोडून जात, मानानं कोंबडी देत, अन् देवाजी मुकाट्यानं कोंबडी घेये. वाघ्या मरेपर्यंत, सहा वर्सं! अन् सात वर्सं मी तोंड शिवून बसलो.

दोन दिवस जेवन गेलं नाई मले. एकीकडे शपथ, अन् दुसरीकडे थे खुटीवरची टोपली. तिसऱ्या दिवशी दुपारी मॅडमले शोधत गेलो, तं त्या बायनाबाईच्या अंगनात. बायनाबाई म्हंजे आमच्या टोल्याची सुईन, सत्तर वर्साची. आठ-दहा बाया मोहफुलं वाळवून राह्यल्या, मॅडम त्यायच्यात बसून मोहफुलं खाऊन राह्यल्या. मी म्हनलं आता नाई तं कवाच नाई. हात जोडले, डोये मिटले, अन् म्हनलं, मॅडम, वाघ्याचं एक सांगाचं हाये...

तं बायनाबाई सूप खाली न ठेवता म्हने, "त्याले कापला थेच नं? माहीत हाये आमाले."

कोनाकोनाले, म्हनलं.

"सगळ्यायले. केसरबाई त्याच्या घावाले आठ दिवस हरद लावत होती. हरद माह्याच घरची."

केसरबाई म्हंजे देवाजीची बायको. अन् साऱ्या बाया अशा हासल्या का मोहावरचे पाखरं उडाले! म्हंजे सात वर्सं जे मी छातीत दाबून ठेवलं, थे फक्त गड्यायलेच माहीत नव्हतं. मी म्हनलं, मंग सांगतलं काऊन नाई? तं बायनाबाई म्हने, "आमाले विचारलं कोनं?"

आता बोला! चार दिवस दारोदार हिंडलो, बाई पानी आनून देये अन् आमी प्रश्न गड्याले विचारत होतो! अरे, पिल्लू जाते पोरीसंगं, पोरगी जाते सासरी, तं कुत्र्यायची वंशावळ बाईलेच पाठ असन नं? कोनती कुत्री कोनाच्या माहेरची, कुंपनावरून कोन आला, सारं त्यायच्या डोयासमोर. मॅडमनं रबर काढलं, चौकोनातून वाघ्याच्या एकेचाळीस रेघा पुसल्या, अन् बाया सांगत गेल्या. निंगाले किती बाप? अकरा! चिमनीचा बाप कोन? तं दवाखान्याच्या बाकाखाली झोपे थो लंगडा कुत्रा, ज्याले मी सोता रोज हाकलत होतो. अन् चिमनीले पिल्लं ज्याच्यापासून झाले होते, थो बी लंगड्याचाच, म्हंजे तिचा भाऊ! मी खाली बसलो. पन नवी सरासरी निंगाली एक आना. एकच आना! मॅडमनं डोये पुसले. "जात जिवंत आहे हो, मुखरूभाऊ." मी बी पुसले.

अन् चिमनीचा नवरदेव? अर्ध्या आन्याच्या नात्यातला निंगाला एकच, देवाजीचा सोन्या. हे आलं का कपाळाले! गेलो. देवाजी खाटेवर बसला होता. म्हनलं, सोन्या पाहिजे. त्यानं सोन्याची दोरी सोडून माह्या हाती देली. म्हने, "घेऊन जा. वाघ्याचा लेक हाये." मी त्याच्या डोयात पाह्यलं, त्यानं माह्या. म्हनलं, "हाये तं."

ज्येठात चिमनी व्याली. चार पिल्लं. आठ दिवस मी झोपलो नाई, नवव्या दिवशी चारी पिल्लं चिमनीले असे भिडले का चिमनीच उठून पळाली! श्रावनात एक मादी पिल्लू सदऱ्यात घालून पान्यापावसात कमळाच्या सासरी नेलं. सासूनं खुटीवरची टोपली काढली, झटकली, पिल्लू आत ठेवलं, अन् नातू त्या टोपलीतच जाऊन बसला. अन् सारं गाव गोळा झालेलं, तं कमळाच्या सासऱ्यानं मिशीवर हात फिरवून विचारलं, याचा बाप कोन?

मी तोंड उघडलं. आता शिकलेला मानूस मी, कागद माह्या झोल्यात, खरं सांगाचं ठरवूनच गेलो होतो... तं त्याच्या आधीच माही कमळा, पदर तोंडाले लावून, शांतपने म्हने, "वाघ्या."

वा रे वा, म्हने सारं गाव. मी मान हालवली. का करता? वाघ्याले कापून सात वर्सं झाले होते, मरून एक वर्स झालं होतं, अन् त्या वर्सी त्याले अजून चार लेकरं झाले.