बेटावरची मोकळी जागा

वर्ल्ड कपचं कौतुक मला नका सांगू रे. कतारमध्ये फुटबॉलचं लुसैल स्टेडियम उभं राहत होतं, तेव्हा आमचं ऑफिस अगदी समोर होतं. काम होतं एका चिमुकल्या बेटाच्या देशाचं. तिथले डिझेल जनरेटर बंद करून सगळं सोलरवर न्यायचं. बेट आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नाही, आणि बॉसचं सारखं, "यल्ला, चल लवकर, खलास कर!" मी सॅटेलाइट नकाशावर एक सपाट, मोकळा तुकडा शोधला आणि तिथे पॅनेल आखून टाकली.

तिथले वीज अधिकारी सहीला आले. साठीचे गृहस्थ. त्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे आमच्या पोरांचं फुटबॉलचं मैदान. एकच आहे."

मी लगेच म्हटलं, "सर, दुसरी जागा बघतो."

"दुसरी नाहीच. बाकी घरं, नारळ आणि समुद्र. डिझेलचं जहाज लांबलं की दवाखान्यात अंधार होतो."

त्यांनी सही केली आणि खिडकीतून स्टेडियमकडे बघत राहिले.

न राहवून मी विचारलं, "मग पोरं खेळणार कुठे?"

"खेळणार नाहीत," ते म्हणाले. "टीव्हीवर तुमचा वर्ल्ड कप बघतील. आता वीज असेल ना."