मोहापासून साठ, आत तीस

अयूब : बाई, कंबरेइतका खड्डा झाला. आणखी खाली गेलो त लोक म्हणतील, मंडपवाला सप्त्याले आला आन् विहीर खणून गेला.

रुखमाबाई : वीतभर अजून पाहा ना जी, अयूबभाऊ.

दिव्यानी : नको आजी. आबाजी हातभर माती सारत आन् दगड मोकळा होये. इतक्या खाली नाई, म्हणजे इथी नाईच. माझंच गणित चुकलं.

अयूब : वीस साल झाले, धानाच्या या बांधीतला मंडप माझाच. दर साल धान कापलं की महाराज, हिचे आबाजी, दोन दोऱ्या ताणत. एक या मोहाच्या झाडापासून देवळाच्या कळसाकडे, दुसरी विहिरीपासून चिंचेकडे. दोऱ्या जिथी एकमेकीवरून गेल्या, तिथी फावडं. बस, खतम! चिखलणीत गाडलेला, कीर्तनात पायाखाली घ्याचा दगड वर.

रुखमाबाई : आता कशा ताणता दोऱ्या? दोन्हीच्या वाटेत धानाच्या पेंढ्यांचे पुंजने उभे. हे असते त पुंजने बाजूले रचाले लावले असते. या साली सांगणारंच कोणी राह्यलं नाई.

अयूब : मी पुंजन्यावर चढून दोरी टाकतो म्हटलं...

रुखमाबाई : खबरदार! नारळ फोडला आहे त्याच्यावर. मळणीपर्यंत एक पेंढी हलवाची नाई, आन् तुम्ही पाय देता?

अयूब : नाई देत जी! दगडाबिगर मंच बांधू काय मंग? पाच वाजता कीर्तन आहे. मले कनाती लावाच्या, भोंगे टांगाचे.

दिव्यानी : दगडाबिगर मी उभी राहणार नाई, चाचा.

अयूब : हे घ्या! गावोगावी सांगून आलो, लटारूमहाराजाची नात पहिल्यांदा गादीवर उभी राहून राह्यली म्हणून!

दिव्यानी : आबाजी म्हणत, कीर्तनात पाय कापाले लागले की त्या दगडाचा गारवा तळव्यातून वर येते, मंग जीभ मोकळी होते. माझे त आत्तापासूनच कापून राह्यले.

रुखमाबाई : इकडे ये, बस. रडाचं नाई. पुन्हा मांड ते गणित. मनात नको, मोठ्यानं मांड, अभंगाचं निरूपण करतेस तसं. मी ऐकतो.

दिव्यानी : तुले काय समजणार आजी?

रुखमाबाई : पन्नास वर्षं कीर्तन ऐकलं. जे समजलं नाई तेही गोड लागलं. मांड.

दिव्यानी : बरं. मोहापासून या धुऱ्यानं, म्हणजे बांधीच्या काठानं, विहिरीच्या अंगानं किती चालाचं, ते एक्स. मंग वळून बांधीच्या आत किती जायाचं, ते वाय. दोन्ही माहीत नाईत. पण आहेत असं मानाचं.

रुखमाबाई : म्हणजे दिसला नाई तरी आधी मानाचा, नाव द्याचं, मंग शोधाले निघाचं. हे त तुझा आबाजी रोजच सांगे. पुढं?

दिव्यानी : विहीर या धुऱ्यावर चाचानं गाडलेल्या दहाव्या बांबूपाशी. चिंच मोहापासूनच आडव्या गेलेल्या त्या धुऱ्यावर दहाव्यापाशी. विहिरीकडून चिंचेकडे निघालं की जितकं आत जाऊ, तितकंच मोहाकडे मागं येतो. म्हणून एक्स अधिक वाय बरोबर दहा. ही झाली पहिली रेषा.

अयूब : वा! आन् कळसाची?

दिव्यानी : कळस या धुऱ्यावरच्या तेराव्या बांबूसमोर, त्या धुऱ्यावरच्या सातव्यासमोर. तेरा पुढं गेलं त सात आत. तेरा वाय बरोबर सात एक्स. दगड दोन्ही रेषांवर आहे, म्हणून दोन्ही समीकरणं एकदमच खरी पाहिजेत. वाय आला साडेतीन, एक्स साडेसहा. दोन बांबूंत दहा फूट, म्हणून पासष्ट फूट पुढं, पस्तीस आत. तिथीच त खणलं!

रुखमाबाई : चाल बरोबर वाटते. मंग एखादा शब्दच खोटा असन. बांबू मोजले कोणी?

अयूब : मी! स्वतः गाडले बाई, माझ्यावर शक नका घेऊ. दोन्ही धुऱ्यांवर. हा मोहाच्या बुडाशी, एक. त्याच्यापुढचा दोन, मंग तीन...

दिव्यानी : थांबा चाचा! मोहाजवळचा एक?

अयूब : मंग काय शून्य? इतके साल मंडप बांधून राह्यलो, शून्य नंबरचा बांबू कोणी पाह्यला?

दिव्यानी : अहो, मोहापाशी उभी राह्यली त मी किती चालली?

अयूब : कुठी चालली? उभीच आहेस.

दिव्यानी : मंग दहाव्या बांबूपर्यंत दहा दहा फूट किती वेळा चालली?

अयूब : एक, दोन... सात, आठ... नऊ. या अल्ला!

रुखमाबाई : वीस साल मंडप, आन् एक बांबू जास्तीचा!

अयूब : खड्डाही जास्तीचा, बाई. पाठ माझी गेली!

दिव्यानी : म्हणजे बेरीज नऊ. कळस बारा पुढं, सहा आत. एक्स हा वायच्या दुप्पट! आता दोन वाय अधिक एक वाय, तीन वाय बरोबर नऊ. वाय तीन, एक्स सहा. चाचा, साठ फूट पुढं, तीस आत!

अयूब : धर टेप. मोहाच्या बुडाशी धर, शून्य तिथी ठेव, हलू नको. साठ... आता आत, तीस. लो! पहिल्या खड्ड्यापासून तीन पावलं. सरक बाजूले.

(फावडं दगडावर वाजतं.)

रुखमाबाई : विठ्ठला... विठ्ठला! हातानं सारा माती, अयूबभाऊ, फावडं नको आता.

अयूब : हाच आहे बाई. पाहा, मधात कसा गुळगुळीत झाला. महाराज इथीच उभे राहत.

रुखमाबाई : लुगड्याच्या पदरानं पुसतो मी. ये माय, चप्पल काढून ये.

दिव्यानी : आजी... खरंच गार आहे.

अयूब : राहा तशीच. माईक लावून पाहतो. मंग तो खड्डा बुजवला पाहिजे, नाई त टाळकरी जाईन त्याच्यात. हॅलो, हॅलो! हं, बोल पोरी.

दिव्यानी : चाचा, माईक वीतभर खाली घ्या. तुम्ही आबाजीच्या उंचीवर लावला.