बेंबीतला टाका

...आणि वर मलाच विचारतात, नक्की ऑपरेशन झालंय ना तुझं? आता काय बोलायचं, तुम्हीच सांगा. पित्ताशय काढलंय माझं, खड्यांसकट, रोबोच्या हातांनी, बेंबीतल्या एकाच छेदातून, घरी येऊन आठवडा झाला नाही, हसलं तरी कळ येते, महिनाभर वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि आई म्हणते, "दिसत तर काहीच नाही, जरा माळ्यावरची गादी खाली घे."

काकांचं वेगळंच. "रोबो कापत होता, मग डॉक्टर काय करत होते?" म्हटलं, अहो काका, तेच चालवत होते त्याला, कोपऱ्यात बसून, पडद्यात डोकं घालून. "म्हणजे बसून होते." संपला विषय.

मग आत्या आली. मला भेटायला बरं का, मला. आल्या आल्या, "टाके दाखव." दाखवली बेंबी. तिने चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं. "दिसत तर काहीच नाही गं." आणि स्वतःचा वीतभर व्रण दाखवला, तोही पित्ताशयाचाच, फार जुना, बरगडीखालून तिरका गेलेला. आई हळहळली, काका हळहळले. मी ईर्षेने खड्यांची बाटली पुढे केली. "एवढेसेच? माझा लिंबाएवढा होता." आणि सांगता सांगता तिला ती जुनी कळ अशी आठवली म्हणता, की तिला माझ्या पलंगावर, माझ्या उशीवर आडवी केली. चहा कोणी केला, ते विचारूच नका.

म्हटलं थांबा, आज तपासणीला बोलावलंय, आईला सोबतच नेते, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला, वाकून बघितलं आणि इतके खूश झाले, की शिकाऊ डॉक्टरांना हाका मारल्या. "या, बघा. दिसतंय काही? दिसत तर काहीच नाही!"

आईने माझ्याकडे जे बघितलंय...

"डॉक्टर, वजनाचं सांगा ना," मी म्हटलं. सांगितलं हो त्यांनी, अगदी नीट सांगितलं. पण आई तोवर बाहेर जाऊन आत्याला फोन लावत होती, "अगं, डॉक्टरसुद्धा तेच म्हणाले."

येताना आईने बटाटे घेतले. ही पिशवी, माझ्याच हातात. ही तरी दिसतेय ना तुम्हाला?